कडीकडे बघणारी सून

त्या घरातली ती दुपार मला अजून आठवते, आणि आठवली की मान आपोआप वर, छताकडे जाते. जेवताना असं झालं की बायको म्हणते, "पंखा पडत नाही, जेवा मुकाट्यानं." पंख्याची भीती मला कधीच नव्हती. भीती बसलीय ती एका लोखंडी कडीची. जन्मभर खाकी घातलेल्या माणसानं हे लिहून द्यायचं म्हणजे जरा अवघडच, पण आता निवृत्त झालोय, गोपनीय अहवाल लिहायला वर कुणी साहेब उरलेला नाही. लिहितो.

नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. जामखेडच्या पलीकडे, जिथून बोली मराठवाड्याकडे झुकायला लागते, तिथलं एक गाव, एवढं पुरे. मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा दबका आवाज.

"साहेब, मी गावातली आशा सेविका बोलते. माझं नाव कुटं यायला नको, मला ह्याच गावात राहायचंय."

"नाही येणार. बोला."

"एका घरातल्या सुनेला परवा अमावस्येला डागणार हायेत. इळा तापवून, मानेवर. देवरुषी यायचाय."

"कशासाठी?"

"तिच्या अंगात तिची मेलेली चुलतसासू येती म्हनत्यात." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "साहेब, मी असलं काई मानत न्हाई. पर तिला पाह्यल्यापास्नं मी त्या घरावरनं जात न्हाई. लांबनं वळसा घालून जाते."

बातमीपेक्षा हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. लसीकरणासाठी वाड्यावस्त्या पालथ्या घालणारी बाई एका घराला वळसा घालत होती.

स्टेशन डायरीला नोंद केली आणि आमच्या महिला हवालदारांना बोलावलं. या बाई नोकरीत माझ्याहून दोन वर्षं जुन्या, आणि ते मला विसरू देत नसत. त्यांनी तासाभरात माहिती गोळा केली. लग्नाला चार महिने झालेले. मुलीचं माहेर गोदाकाठी, पुणतांब्याकडं. घरात तीनच माणसं: विधवा सासू, तिचा एकुलता मुलगा आणि ही सून. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात प्रकार सुरू झाला. दुपारी मुलीची मान मागं वळते, डोळे वर चढतात आणि तासन्‌तास तसेच राहतात. मधे आठ दिवस माहेरी गेली तर ठणठणीत. परत आली, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. देवरुष्यानं एकदा मिरच्यांची धुरी दिली होती. फरक पडला नाही, म्हणून आता विळा.

माहेरी बरी आणि सासरी आजारी. गावानं अर्थ लावला की चुलती घर सोडून जात नाही. मी अर्थ लावला की सासू पोरीला काहीतरी घालतेय. गावाचा अर्थ पूर्ण चुकला होता, माझा अर्धा. अर्धा चुकलेला जास्त वाईट, कारण त्याच्यावर कलम लावता येतं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख ऊन. स्लॅबचं घर, बाहेर रंग दिलेला, दारात ट्रॅक्टरची ट्रॉली. भुताखेताच्या घराला शोभेल असं त्यात काही नव्हतं. ओसरीवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, आम्हाला बघून उठून गेल्या. हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पुढं व्हा."

"बाईमाणसाचं घर आहे. तुम्ही पुढं व्हा," मी म्हणालो. नियम तसाच आहे. त्या नियमाबद्दल मला इतकी आपुलकी मात्र त्याच दिवशी वाटली.

मधल्या खोलीत सतरंजीवर ती पोरगी पडली होती. बावीस-तेवीसची. मान मागं आणि डावीकडं अशी वळलेली की गळ्याच्या शिरा दोरासारख्या दिसत होत्या. जबडा एका बाजूला सरकलेला. डोळ्यांची बुबुळं वर चढलेली, खाली नुसतं पांढरं. आणि त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ती बघत होती तिथं मीही बघितलं. छताच्या मधोमध एक लोखंडी कडी होती. पंख्याची नव्हे, पंखा पलीकडं होता.

"पाळन्याची हाय," सासू दारातून म्हणाली. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई, पण आवाज अगदी सपाट. "स्लॅब पडला तवा माझ्या जावंनं गवंड्याला सांगून बसवून घेतली. तिला मूलबाळ हुईल म्हून. झालं न्हाई. शेवटी तिला झटका आला, मान वाकडी झाली. सा म्हैने ह्याच जागेवर पडून हुती. वाचा गेल्ती. नुसती त्या कडीकडं बघायची. बघत बघतच गेली."

तिनं सुनेकडं बोट केलं. "आता तुमीच सांगा साहेब, ह्ये कोन बघतंय?"

मी दोनदा कडीकडं बघितलं. ती हलत नव्हती, पण हलत नाही याची खात्री करायला मी बघत होतो, हे खरं. मनगटावरचे केस उभे राहिलेले, ते टोपी नीट करण्याच्या निमित्तानं लपवले.

हवालदार बाई मात्र पोरीच्या शेजारी मांडी घालून बसल्या, तिचा हात हातात घेतला. "बाळ, ऐकू येतंय का?"

दात आवळलेले, जीभ जड. तरी शब्द आले. "समदं... ऐकू येतंय. डोळं... खाली येत न्हाईत... ताई, मी... मीच हाय."

मी बऱ्याच अंगात आलेल्या बाया बघितल्यात. जत्रेत, देवळात, एकदा तर ठाण्यात. 'मीच आहे' असं म्हणणारी ही पहिली.

"गाडीत घ्या," मी म्हणालो.

सासूनं अडवलं नाही. ती स्वतःच येऊन गाडीत बसली. रस्ताभर पोरीचं डोकं हवालदार बाईंच्या मांडीवर, आणि नजर जीपच्या टपाकडं. तिथं कडी नव्हती, काहीच नव्हतं, तरी ती तशीच वर बघत होती. मी पुढच्या सीटवर होतो. आरशात मागं बघायचं मी टाळलं.

ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पोरीची मान चाचपली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "हिला मानसिक आजाराचं कुठलं औषध चालू आहे?"

सासू म्हणाली, "हिला कसलंच न्हाई."

मॅडमनी नर्सला एक इंजेक्शन भरायला सांगितलं. टोचलं. मग म्हणाल्या, "पंधरा-वीस मिनिटं बसा."

आम्ही बसलो. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आधी जबडा सैल पडला. मग गळ्याच्या शिरा खाली बसल्या. मग अगदी हळू, घागर विहिरीत उतरावी तशी, बुबुळं खाली आली. पोरीनं पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि समोरच्या माणसाकडं सरळ बघितलं. तो माणूस मी होतो. मी दचकून उभा राहिलो. पोरीला हसू आलं. "साहेब, तुमी काहून भ्यालात?"

डॉक्टर मॅडमनी मला बाहेर नेलं. "वेड्यावाकड्या आवाजांचा, भ्रमांचा आजार असतो ना, त्यावर काही औषधं देतात. चांगली औषधं आहेत, माणसं कामाला लागतात त्यानं. पण काहींना त्याचा असा त्रास होतो. मान, जबडा, डोळ्यांचे स्नायू आखडतात. तरुण माणसांना जास्त. त्यावर उतारा आहे, तोच दिला. प्रश्न एवढाच की पोरगीही आता म्हणते, मी काही घेत नाही."

"म्हणजे कुणीतरी देतंय."

"ते तुमचं खातं," मॅडम म्हणाल्या.

माझं खातं लगेच कामाला लागलं. डोक्यात गुन्हा तयारच होता: लांबून सून आणली, पटली नाही, वेडी ठरवून परत पाठवायची. शेतावरून नवऱ्याला आणायला शिपाई पाठवला आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यातच सासूला समोर बसवलं, शेजारी हवालदार बाई.

"तुमच्या घरात कुणाला मानसिक आजाराचं औषध चालू आहे?"

"न्हाई."

"सुनेच्या खाण्यात काय घालता?"

"मीठ."

अशी उत्तरं देणारा माणूस निर्ढावलेला असतो किंवा घाबरलेला. पंचवीस वर्षांनंतरही मला दोन्हींतला फरक एका नजरेत कळत नसे, हे कबूल करतो. मी निर्ढावलेली धरली. आवाज चढवला. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिचं लक्ष फाटकाकडं होतं, मुलगा कधी येतो याच्याकडं.

तो आला. सव्वीस-सत्तावीसचा, देखणा, दाढी वाढलेली. आल्या आल्या बायकोच्या खाटेजवळ गेला, तिचे डोळे बघितले, आणि रडायलाच लागला. मग व्हरांड्यात येऊन बाकड्यावर बसला. बसला तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत, मधेच मान वळवून मागं बघत. मागं भिंत होती.

"कुणाशी बोलतोस?" मी विचारलं.

"मी कुटं बोलतोय? ती बोलती." अगदी साध्या आवाजात. "चुलती."

सासूनं डोळे मिटून घेतले.

"कधीपासून?"

"झाले की दोन-अडीच म्हैने. आधी लांबनं यायचा आवाज. आता कानापाशीच येती."

"काय म्हणते?"

"म्हनती, दुधात कायतरी हाय." तो ओशाळून हसला. "मी म्हनलं, आगं, आई घालंल व्हय कदी?"

मी हे लिहून घेतलं नाही. भ्रमिष्ट माणसाचा शब्द, त्याला जबाबात काय किंमत? उलट माझा संशय आईवरून मुलावर घसरला. याचंच औषध असणार, हाच बायकोला चारत असणार. मी मनात आरोपी बदलला आणि स्वतःच्या चलाखीवर खूश झालो.

हवालदार बाईंनी तेवढ्यात बाहेरच्या टपरीवरून चहा मागवला. त्यांचं म्हणणं असं की चौकशीत चहा पाजला की माणूस काय बोलतो ते बघू नये, चहा कसा पितो ते बघावं. मी याला नेहमी हसायचो.

मुलानं ग्लास घेतला. अर्धा प्यायला. मग उरलेला अर्धा बाकड्याच्या कडेला ठेवला, खिशातला रुमाल काढून घडी घातली आणि ग्लासावर झाकण म्हणून ठेवली. हे सगळं त्यानं न बघता केलं, रोजची सवय असल्यासारखं.

"संपव की," हवालदार बाई म्हणाल्या.

"तिला ठिवलाय."

"बायकोला?"

तो लाजला. एवढ्या सगळ्यात तो लाजला. "ताई, आमचं दूध समदं डेरीला जातं. आई मला एक पेला ठिवती, सकाळी. हिला कोन देतंय? मी अर्धा पितो, अर्धा मांडनीमागं झाकून ठिवतो. मी शेतावं गेलो की ती पिती."

"रोज?"

"लगीन झाल्यापास्नं. सुरवातीला नको म्हनायची. मग पियाला लागली."

मी अजून अर्थ लावत होतो. माझ्याआधी तो लागला दुसऱ्याच कुणाला. सासू बाकड्यावरून उठली होती. त्या सपाट बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत फुटला. रुमालानं झाकलेल्या ग्लासाकडं बोट करून ती म्हणाली, "रोज देतूस व्हय रं तिला?"

"आई, अर्धा पेलाच..."

"आरं, मी तुझ्यासाटी घालीत हुते रं!"

ती खाली बसली आणि कपाळ जमिनीवर आपटायला लागली. हवालदार बाईंनी आपला तळहात मधे घातला. त्या हाताला दोन दिवस सूज होती.

मग सगळं बाहेर आलं. मुलगा पुण्याला शिकायला होता तेव्हा आजारी पडला. आवाज ऐकू यायचे, खोलीतून बाहेर पडायचा नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, बरा झाला. बरा झाला तशा गोळ्या थुंकायला लागला, तेव्हा थेंबांचं औषध मिळालं. रंग नाही, वास नाही, चव नाही. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की हळूहळू त्याला सांगा, विश्वासात घ्या, आणि महिन्याला दाखवायला आणा. आईनं सांगितलंही नाही आणि दाखवायलाही नेलं नाही. बाटली लांबच्या एका दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर येत राहिली. तीन वर्षं रोज सकाळी दुधाच्या पेल्यात दहा थेंब. ठणठणीत मुलगा. चौकशी होऊ नये म्हणून स्थळ शोधलं ते पार गोदाकाठचं.

लग्न झालं आणि पेल्याचे दोन वाटे झाले. निम्मं औषध निरोगी पोरीच्या पोटात, आजारी मुलाला उरलेलं निम्मं. दुसऱ्या महिन्यात मुलगा पुटपुटायला लागला. आईनं थेंब वाढवले. दहाचे पंधरा, पंधराचे वीस. सुनेची मान वळायला लागली. घरातलं हे आक्रीत बघून मुलगा आणखी बिथरला. आईनं पंचवीस केले. तो मात्र बायको आजारी पडली म्हणून पेल्यातला जास्त वाटा तिला ठेवायला लागला. अशक्त झालीय, तिला दूध पाहिजे म्हणून.

मी पोलीस खात्यात माणसानं माणसाला मारायचे नाना प्रकार बघितले. दोन माणसांनी माया करून तिसऱ्याची ही दशा केलेली मी दुसरीकडं बघितली नाही. आणि 'दुधात कायतरी हाय' असं सांगणारा तो आवाज. डॉक्टर मॅडम म्हणाल्या की या आजारात अन्नात काही मिसळल्याचा संशय नेहमीच येतो, त्यात नवल नाही. नवल नसेल. पण त्या संबंध व्हरांड्यात खरं काय ते एकट्या मेलेल्या चुलतीनं सांगितलं होतं, आणि मी ते लिहून घेतलं नव्हतं.

दोन पंचांसमोर बाटली जप्त केली. चुलतीच्या जुन्या ट्रंकेत तिच्या लुगड्यांखाली होती. लपवायला घरात तीच एक जागा, जिथं भीतीनं कुणी हात घालत नव्हतं.

देवरुष्याला धुरीबद्दल आणि विळ्याच्या तयारीबद्दल जादूटोणाविरोधी कायद्याखाली ताब्यात घेतलं. तो मला म्हणाला, "साहेब, पोरगी बरी झाली ना? मग गुन माझ्या धुरीचाच हाय. लागायला येळ लागतो." मी त्याला म्हटलं, लॉकअपमधेही वेळ लागतो, बसा.

दुसऱ्या दिवशी पोरीचा जबाब घेतला. तिचा बाप पुणतांब्याहून आलेला, विषप्रयोगाचा गुन्हा दाखल करा म्हणून टेबलावर हात आपटत होता. त्याचंही चूक नव्हतं. मी पोरीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

ती म्हणाली, "इख न्हाई घातलं त्यांनी. ते लिहू नका. पर माझ्यापास्नं लपिवलं. दोन-अडीच म्हैने मी त्या कडीखाली पडून हुते साहेब, मला वाटायचं खरंच चुलतसासू आली. माझा माझ्यावरचा इस्वास गेल्ता. ते लिहा. नीट लिहा."

मी लिहिलं. लग्नाआधी आजार लपवल्याचं आणि न सांगता औषध दिल्याचं तिच्याच शब्दांत लिहिलं. त्यानंतर ती बापाबरोबर निघून गेली. जाताना नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो फाटकाशी उभा राहिला, गाडी दिसेनाशी झाली तरी उभाच. नंतर त्याला नगरच्या मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. औषध बदललं, आणि या वेळी त्याला सांगून.

त्यानंतर वर्षभरानं बंदोबस्ताच्या निमित्तानं त्या गावात गेलो. पाय नको म्हणत होते, तरी त्या घरी गेलो. दार उघडलं ते त्या सुनेनं.

"सा म्हैन्यांनी आले," ती म्हणाली. "ह्ये स्वतः आले हुते न्यायला. डॉक्टरांची समदी कागदं घिऊन. माझ्या वडलांपुढं बसून वाचून दाखिवली, वरपासून खालपर्यंत. म्हनले, आता ह्ये समदं कळल्यावर यायचं तर ये."

नवरा आतून आला. जाडा झाला होता चांगलाच. "नव्या गोळीनं लई भूक लागती साहेब. आन सकाळी उठवत न्हाई. पर गप्प झालं समदं," असं म्हणून त्यानं कानाला हात लावला. सासू कोपऱ्यात दाणे निवडत होती. माझ्याकडं तिनं मान वर केली नाही.

मला मधल्या खोलीत बसवलं. मी बसलो, आणि व्हायचं तेच झालं. मान वर गेली.

कडी तिथंच होती. तिला दोरीनं एक तारेची टोपली टांगलेली, हाताला येईल इतकी खाली. टोपलीत गोळ्यांची पाकिटं, डॉक्टरांची फाईल, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत वेळा लिहिलेल्या.

"इथं का टांगली?" मी विचारलं. "आल्यागेल्याला दिसतं."

"दिसावं म्हनूनच," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर सांगते, ह्यांच्या डोक्याची गोळी हाय. आदी ह्या खोलीत वर बघायला लोक भ्यायचे. आता बघत्यात आन मला इचारत्यात, आमच्याबी पोराला असंच हुतंय, कुटं दाखवावं?"

चहा आला. नवऱ्यानं पूर्ण ग्लास प्यायला. तिच्या हातात तिचा वेगळा होता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते व्याख्यानात सांगायला मी नेहमी तयार असे: औषध लपवू नका, आजार लपवू नका. शाळेत सांगितलं, गणेश मंडळांत सांगितलं, टाळ्या घेतल्या. मग मी निवृत्त झालो, आणि तीन महिन्यांत माझी झोप गेली. पहाटे छातीत धडधड, दिवसभर कशात मन नाही. गुपचूप नगरला एका डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी मन खचण्यावरची गोळी दिली. तोंडाला कोरड पडेल, सुरुवातीला झोप येईल, मनानं बंद करू नका, असं सांगितलं. मी ती गोळी कुठं ठेवली असेल? जुन्या पोलिसी बुटांच्या खोक्यात, पॉलिशच्या डबीमागं. का, तर बायकोला वाटेल साहेबांचं डोकं गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो तर बशीत ती गोळी. बायको समोर उभी.

"बूट पॉलिश करायला काढले," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

मी जबाब दिला. खरा दिला. समोरची बाई निर्ढावलेली नव्हती, घाबरलेली होती, हे या वेळी एका नजरेत कळलं. तिनं ऐकून घेतलं, फ्रीजच्या हँडलला एक पिशवी अडकवली आणि पाकिटं त्यात टाकली. आता येणारा-जाणारा विचारतो आणि मी सांगतो. परवा आमचे व्याहीच म्हणाले, "मला पण लिहून द्या जरा डॉक्टरांचं नाव."

मान मात्र अजूनही वर जाते. आमच्या छताला कडी नाही, हे मला माहीत आहे. तरी एकदा बघून घेतो.